रस्त्यावरचा चेहरा कुणाच्या मालकीचा?

रस्त्याने जाणाऱ्या अनोळखी माणसाचे छायाचित्र त्याला न विचारता काढावे की काढू नये, हा प्रश्न आज सहसा कुणी विचारीत नाही. जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे आणि प्रत्येकजण कुणाच्या ना कुणाच्या चित्रात मागे कुठेतरी उभा आहे, म्हणून प्रश्न विरून गेल्यासारखा वाटतो. तो सुटलेला मात्र नाही. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी न्यूयॉर्क, शिकागो, पॅरिस अशा शहरांतून जी माणसे कॅमेरा घेऊन रस्तोरस्ती फिरली आणि रोजचे साधे जगणे टिपत राहिली, त्यांना हा प्रश्न चांगला ठाऊक होता. कुणी कॅमेरा लपवला, कुणी वर्षानुवर्षे थांबला, कुणी पैसे देऊन माणसे आणली, आणि एका बाईने तर काढलेली चित्रे जवळजवळ कुणाला दाखवलीच नाहीत. ही त्यांची त्यांची उत्तरे होती असे आम्ही समजतो. त्यांची चित्रे सुंदर आहेत यात वाद नाही. पण सुंदर आहे म्हणून हलाल आहे असे आपण इतर कुठल्या गोष्टीबद्दल म्हणत नाही, तेव्हा इथेही म्हणू नये.

वॉकर एव्हान्स हे अमेरिकेतले नामांकित छायाचित्रकार. मंदीच्या काळात त्यांनी दक्षिणेकडच्या गरीब शेतकरी कुटुंबांची चित्रे काढली. त्यांतली माणसे सरळ कॅमेऱ्याकडे पाहताना दिसतात. १९३८ साली मात्र ते न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत शिरले ते कॅमेरा लपवून. छोटा कॉन्टॅक्स कॅमेरा कोटाच्या आत, भिंग दोन गुंड्यांच्या मधून डोकावणारे, आणि कळ दाबायची तार बाहीतून हातात आलेली. समोरच्या बाकावरच्या उतारूला काही पत्ता लागत नसे. १९४१ पर्यंत हे चालले. या चित्रांतले चेहरे पाहिले म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. माणूस घरात एक चेहरा ठेवतो, कामावर दुसरा ठेवतो, आणि या दोहोंच्या मध्ये, गाडीत बसल्यावर, चेहराच ठेवीत नाही. तो उघडा पडलेला असतो. एव्हान्स यांनी नेमका तोच उचलला. उचलला हा शब्द आम्ही जाणूनबुजून वापरतो, कारण त्यांनीही या कामाबद्दल पुढे लिहिताना पस्तावलेल्या हेराची भाषा वापरली. चित्रांचे पुस्तक निघाले १९६६ साली, म्हणजे शेवटचे चित्र काढल्यावर पंचवीस वर्षांनी. पंचवीस वर्षे थांबल्याने उचललेली वस्तू स्वतःची होत नाही. पण त्या दिवशी कोण कुणाबरोबर गाडीत होते, कुणाची नोकरी सुटली होती, कुणाच्या डोळ्यांत पाणी होते, हे शेजाऱ्यापाजाऱ्यांनी ओळखण्याची वेळ टळून जाते. एवढी तरी चाड त्या थांबण्यात होती.

याच्या अगदी उलट गोष्ट पॅरिसच्या रॉबेर द्वानो यांची. नगरभवनासमोरच्या गर्दीत एक तरुण एका तरुणीचे चुंबन घेतो आहे, हे त्यांचे १९५० सालचे चित्र 'लाइफ' साप्ताहिकासाठी काढलेले. पुढे १९८०नंतर त्याची भित्तिचित्रे निघाली आणि जगभरच्या खोल्यांतून ती लागली. शहराचे उत्स्फूर्त प्रेम म्हणून लोकांनी ती लावली. मग १९९० नंतर एका जोडप्याने दावा केला की ती आम्हीच, आणि आम्हाला न विचारता आमचे चित्र काढले. तेव्हा द्वानो यांना सांगावे लागले की चित्रातली माणसे नाट्यशिक्षण घेणारे दोन विद्यार्थी होते आणि त्यांना सांगून, पैसे देऊन उभे केले होते. लगेच चित्रातली खरी तरुणी, तोवर वय झालेली, विक्रीतला वाटा मागायला न्यायालयात गेली. तिला त्या वेळीच मोबदला मिळाला होता म्हणून तिचा दावा फेटाळला गेला. तिच्याजवळ त्या दिवसांत भेट मिळालेली मूळ प्रत मात्र होती. ती २००५ साली लिलावात दीड लाख युरोंच्या वर गेली. या प्रकरणावरून द्वानो यांना लबाड ठरवणारे पुष्कळ आहेत. आम्हाला त्यांचे एक म्हणणे महत्त्वाचे वाटते: खऱ्या प्रेमिकांचे असे चित्र काढण्याची आपली हिंमतच झाली नसती, कारण रस्त्यात असे दिसणारे जोडपे पुष्कळदा लपूनछपून भेटणारे असते. म्हणजे ते खोटे बोलले, पण ते खोटे शरमेतून आले होते. कुणाचे तरी घर मोडू नये म्हणून त्यांनी भाड्याचे प्रेमिक आणले. एव्हान्स यांचे चित्र खरे आणि कृती खोटी. द्वानो यांची कृती सरळ आणि चित्र खोटे. दोन्ही सरळ असलेले चित्र रस्त्यावर निघू शकते का, हा खरा पेच आहे. विचारले तर माणूस केस सावरतो, पदर नीट घेतो, हसतो. आणि जे टिपायचे होते ते तिथून निघून जाते.

तसवीरीचा प्रश्न आमच्या घरांना नवा नाही. भिंतीवर फोटो लावावा की नाही, नमाजच्या खोलीत असलेला उलटा करावा की काढून ठेवावा, यावर घराघरांतून कुरबुरी झालेल्या आहेत. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत इजिप्तचे मुफ्ती शेख मुहम्मद बखित अल-मुतीई यांनी असे मांडले की कॅमेरा नवे काही घडवीत नाही, आरशात पडते तशी सावली फक्त धरून ठेवतो. पुष्कळ उलेमांना ते पटले नाही. पुढे पासपोर्ट, हजचा अर्ज, ओळखपत्रे यांच्या निकडीने वाद व्यवहारात बराचसा मिटला. पण हा सगळा वाद मुख्यतः काढणाऱ्याबद्दल होता: त्याने निर्मात्याची बरोबरी केली काय? ज्याची सावली धरली त्याचे काय, हा प्रश्न वेगळा आहे. त्याचे उत्तर तसवीरीच्या मसल्यात शोधण्यापेक्षा माणसामाणसांतल्या वागणुकीच्या नियमांत शोधावे असे आम्हाला वाटते. दुसऱ्याच्या दारात उभे राहून आधी इजाजत मागावी, कुणाच्या मागावर राहू नये, कुणाचा ऐब दिसला तर झाकावा. हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते.

यावर लगेच उत्तर येते की रस्ता म्हणजे घर नव्हे. जो चव्हाट्यावर आला त्याला सगळे पाहणारच. उत्तर बिनतोड वाटते खरे. पण रस्ता कुणाचे घर नसते? ज्याला घरात पुरेशी जागा आहे त्याचे. हेलन लेव्हिट यांनी १९३० नंतरच्या आणि १९४० नंतरच्या वर्षांत न्यूयॉर्कच्या हार्लेम आणि लोअर ईस्ट साइड या गरीब वस्त्यांत चित्रे काढली. पायऱ्यांवर बसलेल्या बाया, खिडकीतून वाकलेली म्हातारी, मुखवटे घालून निघालेली पोरे, फुटपाथवर आणि भिंतींवर खडूने काढलेली चित्रे. ही सगळी माणसे बाहेर का होती? खोल्या लहान, उन्हाळा कडक, घरात माणसे फार. त्यांचा ओटा, अंगण, माजघर सगळे रस्त्यावरच होते. श्रीमंताचे भांडण, त्याची झोप, त्याचे दारू पिणे भिंतीआड होते आणि गरिबाचे उघड्यावर. तेव्हा 'सार्वजनिक जागेत कुणालाही टिपावे' हा नियम दिसायला सर्वांना सारखा आहे, पण तो लागू होतो मुख्यतः एकाच बाजूला. मुंबईच्या फुटपाथवर ज्यांचे संसार आहेत त्यांच्याकडे कॅमेरा रोखणाऱ्या पाहुण्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

आता दुसरी बाजूही तितकीच खरी आहे आणि ती आम्ही हात राखून मांडणार नाही. लेव्हिटबाईसुद्धा लपूनच टिपत. भिंगाला काटकोनात बसणारा शोधक लावून तोंड एकीकडे, चित्र दुसरीकडे. पण त्यांनी ते केले नसते तर हार्लेमच्या त्या पोरांचे काय राहिले असते? खडूची चित्रे पावसाने धुतली गेली असती. शाळेच्या हजेरीपटावर नाव, कदाचित पोलिसाच्या वहीत एखादी नोंद. गरिबाची नोंद बहुधा कुणीतरी त्याच्याकडून काही वसूल करायला केलेली असते. लेव्हिट यांच्या चित्रांत ती पोरे खेळताहेत, नाचताहेत, एकमेकांच्या कानात काहीतरी सांगताहेत, आणि त्यांच्याकडून कुणी काही मागत नाही. ज्यांच्या पणजोबा-पणजीचा एकही फोटो घरात नाही अशा पुष्कळ घरांना ही उणीव कळेल. ते लोक कसे हसत, हे सांगणारे आता कुणी उरलेले नाही.

या पेचात आम्हाला सर्वांत जास्त अडकवून ठेवले ते व्हिव्हियन मायर या बाईने. जन्म न्यूयॉर्कचा, १९२६चा. आई फ्रेंच, लहानपणीची काही वर्षे फ्रान्सच्या डोंगराळ भागात गेलेली. १९५१ साली त्या अमेरिकेत परतल्या आणि पुढची जवळजवळ चाळीस वर्षे श्रीमंतांच्या घरी मुले सांभाळायची नोकरी केली. १९५६पासून शिकागो आणि त्याच्या उत्तरेकडची उपनगरे. सुट्टीच्या दिवशी, आणि कामाच्या दिवशीही मुलांना बरोबर घेऊन, त्या शहरात भटकत आणि चित्रे काढीत. १९५९ साली एकट्या जगप्रवासाला निघाल्या, त्यात हिंदुस्थानातही येऊन गेल्या. लाखाच्या वर निगेटिव्ह त्यांनी काढल्या. त्यांतल्या बहुतेकांच्या प्रती कधी काढल्याच नाहीत, आणि शेकडो रीळे तर धुतलीसुद्धा नाहीत, तशीच गुंडाळलेली राहिली. ज्या घरांत त्या राहिल्या त्यांतल्या लोकांनी पुढे सांगितले की बाई खोलीला कुलूप मागून घेत, आत कुणाला येऊ देत नसत, आणि दुकानदारांना कधी कधी खोटे नाव सांगत. जी बाई आपले नावही कुणाला द्यायला तयार नव्हती, ती रोज डझनावारी लोकांचे चेहरे घेऊन घरी येत होती. यातली विसंगती झाकायचे कारण नाही.

पण त्या कशा कॅमेऱ्याने काढीत हेही पाहावे. त्यांच्याकडे रोलायफ्लेक्स होता: एकावर एक दोन भिंगे असलेली पेटी, एका रिळावर बारा चौकोनी चित्रे. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो, पोटाशी धरायचा असतो आणि वरून काचेत पाहायचे असते. त्या काचेत डावे उजवीकडे आणि उजवे डावीकडे दिसते. म्हणजे चित्र काढणाऱ्याला मान खाली घालावी लागते. समोरच्याला बंदुकीसारखे काही रोखलेले दिसत नाही. एक उंच बाई, भली मोठी टोपी, मान झुकवून उभी आहे एवढेच दिसते. आणि कळ दाबण्याच्या क्षणी ती मान वर करू शकते, म्हणजे दोघांचे डोळे भिडू शकतात. मायरबाईंच्या चित्रांत असे पुष्कळ चेहरे आहेत: फरचा कोट घातलेल्या, मोत्यांची माळ घातलेल्या बायका रागाने वळून पाहताहेत, 'तू कोण माझा फोटो काढणारी' असा प्रश्न कपाळावर लिहिलेला. या चित्रांबद्दल आमच्या मनात किंतु नाही. त्या बायांनी हरकत घेतली, आणि ती हरकत चित्रातच नोंदली गेली. शिवाय इथे पाहणारी मोलकरीण आहे आणि पाहिली जाणारी मालकीण. एरवी नजर उलट्या दिशेने जाते.

किंतु आहे तो दुसऱ्या चित्रांबद्दल. बाकावर, गाडीत, समुद्रकिनाऱ्यावर झोपलेली माणसे. दारू पिऊन पडलेला. रडणारे मूल, ज्याला त्या क्षणी उचलून घ्यायला हवे होते. झोपलेला माणूस हरकत घेऊ शकत नाही. प्रवासात शेजारी झोपलेल्या माणसाचे तोंड उघडे पडले तर आपण नजर फिरवतो, त्याची टोपी सरकली तर नीट करतो. हे कुणी शिकवलेले नसते. कॅमेरा ही नजर फिरवू देत नाही. तो नेमका तिथेच थांबतो. मायरबाई चांगल्या होत्या की वाईट याचा निवाडा आम्हाला करायचा नाही. पण झोपलेल्याचे चित्र आणि रागाने पाहणाऱ्याचे चित्र यांना एकाच मापाने मोजता येत नाही, एवढे आम्ही ठामपणे म्हणतो.

एक गोष्ट त्यांच्या बाजूने आणखी आहे. फ्रान्सचे आंरी कार्तिए-ब्रेसाँ हे या कलेचे मोठे उस्ताद. आपल्या देशात १९४७-४८ साली येऊन त्यांनी काढलेली चित्रे प्रसिद्ध आहेत. श्रीनगरच्या हरी पर्बतावर उभ्या राहून दुआ मागणाऱ्या बायांचे १९४८चे त्यांचे चित्र पाहावे: बाया पाठमोऱ्या आहेत, चेहरा मागितलेला नाही, आणि चित्राचे काही उणे झालेले नाही. पण हेच उस्ताद स्वतःचा फोटो कुणाला काढू देत नसत. रस्त्यात ओळखले गेलो तर काम होणार नाही, हे त्यांचे कारण. कारण व्यवहाराला धरून आहे. तरी जो हक्क त्यांनी स्वतःसाठी राखला तो हजारो लोकांना दिला नाही, हे राहतेच. मायरबाईंनी मात्र स्वतःची शेकडो चित्रे काढली. दुकानाच्या काचेत, रस्त्यावरून नेल्या जाणाऱ्या आरशात, गवतावर पडलेल्या लांब सावलीत. जी नजर दुसऱ्यावर टाकली तीच स्वतःवरही टाकली, आणि दोन्ही पेट्यांत बंद करून ठेवली.

पेट्या त्यांनी उघडल्या नाहीत, उघडल्या दुसऱ्यांनी. म्हातारपणी हातात पैसा नव्हता, सामान ठेवायच्या भाड्याच्या जागेचे भाडे थकले, आणि २००७ साली तिथला माल लिलावात गेला. जॉन मलूफ नावाच्या तरुणाने, शहराच्या एका भागावरच्या पुस्तकासाठी जुने फोटो हवे होते म्हणून, चारशे डॉलरच्या आत हजारो निगेटिव्ह घेतल्या. बाई तेव्हा त्याच शहरात हयात होत्या. त्यांनी लहानपणी सांभाळलेल्या मुलांनी, मोठे झाल्यावर, त्यांना राहायला जागा घेऊन दिली होती. २००८च्या हिवाळ्यात बर्फावर पाय घसरून त्या पडल्या आणि २१ एप्रिल २००९ रोजी वारल्या. मलूफ यांना त्यांचे नाव कळले आणि शोध घेतला तेव्हा काही दिवसांपूर्वीची निधनवार्ता हाती लागली. मग प्रदर्शने, पुस्तके, २०१३ साली चित्रपट. मृत्युपत्र नव्हते, मूलबाळ नव्हते. फ्रान्समधल्या दूरच्या नातलगांचा शोध सुरू झाला आणि २०१४ साली हक्काचा प्रश्न न्यायालयात गेला. निगेटिव्हचा मालक कोण, त्यांवरून प्रती काढायचा हक्क कुणाचा, याचा काथ्याकूट वकिलांनी भरपूर केला. एका पक्षाचे नाव मात्र कुठल्याच कागदावर नव्हते: चित्रांतली माणसे.

कायद्याला ती माणसे दिसत नाहीत असे नाही, पण फार अंधुक दिसतात. न्यूयॉर्क राज्यात एका तरुण मुलीचे चित्र तिला न विचारता पिठाच्या जाहिरातीवर छापले गेले, पंचवीस हजार प्रती. १९०२ साली वरिष्ठ न्यायालयाने तिला दाद दिली नाही. लोकांत चीड उसळली आणि १९०३ साली कायदा झाला की धंद्यासाठी, जाहिरातीसाठी कुणाचे चित्र संमतीवाचून वापरू नये. पुढे शंभर वर्षांनी त्याच कायद्याच्या आधाराने एक वृद्ध, कर्मठ यहुदी गृहस्थ न्यायालयात गेले. फिलिप-लोर्का डीकोर्सिया या छायाचित्रकाराने टाइम्स स्क्वेअरमध्ये दिवे बांधून, दुरून, ये-जा करणाऱ्यांचे चेहरे टिपले होते. त्यात यांचा होता, आणि त्या चित्राच्या दहा प्रती प्रत्येकी वीस हजार डॉलर आणि त्याहून वर विकल्या गेल्या. गृहस्थांचे म्हणणे पैशाचे कमी आणि धर्माचे जास्त होते: आपली प्रतिमा केली जाणे हे त्यांच्या श्रद्धेविरुद्ध होते. २००६ साली न्यायालयाने त्यांच्या श्रद्धेचा खरेपणा मान्य केला आणि दावा फेटाळला. चित्र कला आहे, जाहिरात नव्हे, सबब संमती लागत नाही. म्हणजे पिठाच्या पिशवीवर छापले तर गुन्हा आणि चौकटीत घालून वीस हजारांना विकले तर कला. हा फरक आम्हाला कितीही वेळा वाचून पटलेला नाही.

मालकी हा शब्दच इथे चुकीच्या जागी आलेला आहे. मराठीत आपण रोज 'अनामत' म्हणतो तो अरबीतल्या 'अमानत'चाच शब्द: दुसऱ्याची वस्तू जवळ आहे, सांभाळायची आहे, स्वतःच्या फायद्यासाठी खर्चायची नाही. त्याहूनही जवळचा दाखला रस्त्यात सापडलेल्या वस्तूचा आहे. फिकहमध्ये त्याला लुकता म्हणतात. सापडली म्हणून ती तुमची होत नाही. वर्षभर पुकारा करा, खूण सांगणारा आला तर परत द्या, आणि नाहीच आला व तुम्ही वापरलीत, तरी तो पुढे कधी दारात उभा राहिला तर जबाबदारी तुमच्यावरच. शहराच्या गर्दीत सापडलेला चेहरा असाच मानला तर पुष्कळ गाठी सुटतात. घेणे सरसकट हराम होत नाही. हार्लेमची पोरे, भुयारी रेल्वेतले उतारू आपल्याजवळ राहू शकतात. पण न्यूयॉर्कच्या त्या वृद्ध गृहस्थांसारखा कुणी खूण सांगत आला, की हा चेहरा माझा आहे आणि तो भिंतीवरून उतरवा, तर उतरवायला हवा. कला किती थोर आहे हा तिथे मुद्दाच उरत नाही. आणि ज्याच्या चित्रावर लाखो मिळाले, त्याला शोधायचा साधा पुकारासुद्धा कुणी केला नसेल, तर त्या पैशाला काय म्हणावे हे वाचकांनी ठरवावे.

न धुतलेल्या रिळांचे उत्तर आम्हाला अजून सापडलेले नाही. मायरबाईंनी जी चित्रे स्वतः कधी पाहिली नाहीत, ती त्यांच्या पश्चात धुतली गेली आणि आता आपण पाहतो. त्या माणसांनी इजाजत दिली नव्हती, काढणारीनेही दिली नव्हती. दोन कुलपे होती आणि दोन्ही उघडली गेली. पुस्तक बंद करून ठेवावे असेही मन म्हणत नाही. आमच्यापुरते आम्ही एवढेच करतो की बाकावर झोपलेल्या माणसाचे पान लवकर उलटतो, आणि फरच्या कोटातल्या त्या संतापलेल्या बाईच्या पानावर थांबतो. तिला जे विचारायचे आहे ते ती अजून विचारते आहे.